'व्हॉट'मधला 'एच' आणि 'काय'मधला 'क'

पालघर तालुक्यातले शिरगाव हे सातपाटीला लागून असलेले समुद्रकाठचे गाव. तिथे एका घरी आम्ही काही शिक्षक सुट्टीच्या दिवशी जमलो होतो. बोलता बोलता विषय इंग्रजीच्या तासावर आला. सातवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या वर्गातली हकीकत सांगितली. प्रश्नार्थक शब्दांचा पाठ चालू होता. फळ्यावर व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, विच, हू हे सहा शब्द लिहिलेले. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, 'व्हॉट' म्हणताना टीव्हीवरच्या बातम्यांत 'एच' ऐकूच येत नाही, नुसते 'वॉट' म्हणतात. आणि 'हू' म्हणताना 'डब्ल्यू' ऐकू येत नाही. मग दोन्हीत दोन्ही अक्षरे कशाला लिहायची?"

बाई म्हणाल्या, "मी तिला सांगितले, इंग्रजीचे असेच असते, पाठ कर. तिने पाठ केलेही. पण मला मात्र रात्री चैन पडेना. कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हते."

आपल्यापैकी पुष्कळांची हीच अवस्था असते. इंग्रजीचे स्पेलिंग म्हणजे लहरी कारभार, त्यात कारण शोधू नये, अशी आपली समजूत झालेली असते. परंतु या मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते शोधायला निघाले तर वाट लंडनहून न जाता आपल्याच दारावरून जाते. त्या दिवशी आम्हाला ती पुरती ठाऊक नव्हती. नंतर पुस्तके चाळून जे हाती आले ते या लेखात मांडत आहोत.

दोन याद्या शेजारी शेजारी

प्रथम एक साधी गोष्ट करू. फळ्यावरच्या इंग्रजी शब्दांसमोर मराठी शब्द लिहू. हू म्हणजे कोण, व्हॉट म्हणजे काय, व्हेन म्हणजे केव्हा, व्हेअर म्हणजे कुठे, व्हाय म्हणजे का, विच म्हणजे कोणता. इंग्रजीचे सगळे शब्द 'डब्ल्यू-एच'ने सुरू होतात. मराठीचे सगळे 'क'ने. कसा, किती, कितवा, कधी हेही 'क'चेच. रोज वापरूनही ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

शेजारच्या भाषा पाहू. हिंदीत कौन, क्या, कब, कहाँ, क्यों. कोकणीत कोण, कितें, केन्ना. 'कुठे'साठी मात्र खंय. बंगालीत के, की, कबे, कोथाय. गुजरातीत कोण, क्यारे, क्यां, केम. फक्त 'काय'साठी शुं. हा 'शुं' वेगळा दिसतो, पण जुन्या गुजरातीत त्याचे रूप 'किसिउं' असे होते. पुढे तोंडचा 'कि' झिजून गेला आणि शेपूट तेवढे उरले. संस्कृतात कः, किम्, कदा, कुत्र, कथम्, कति. या सगळ्या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या, तेव्हा त्यांच्यात साम्य असणारच.

आता शिरगावच्या किल्ल्याकडे वळू. हा किल्ला पोर्तुगीज अमलात होता. १७३९ मध्ये, वसईच्या मोहिमेत, तो मराठ्यांनी घेतला. तोपर्यंत या तटावर पोर्तुगीज बोलली जाई. त्या भाषेत 'कोण'ला केंय, 'काय'ला के, 'केव्हा'ला क्वांदु आणि 'कोणता'ला क्वाल म्हणतात. म्हणजे तटावरचा शिपाई आणि खालून जाणारा कोळी, दोघांनी एकमेकांना हटकले असेल ते 'क'च्याच शब्दांनी. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये हे शब्द क्विस, क्विद, क्वांदो, क्वोत असे आहेत. पूर्वेकडे रशियनमध्ये क्तो म्हणजे कोण आणि कोग्दा म्हणजे केव्हा. बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुएनियन भाषेत कास म्हणजे कोण, आणि कादा म्हणजे केव्हा. आपल्या संस्कृतातले 'कदा' जवळजवळ जसेच्या तसे.

इतक्या दूरदूरच्या भाषांत प्रश्न विचारताना 'क' यावा हा निव्वळ योगायोग कसा असेल? आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांत 'क' असताना इंग्रजीतच 'डब्ल्यू-एच' कुठून आला?

गोव्यातले एक पत्र

हे साम्य ज्यांच्या प्रथम ध्यानात आले, त्यांतला एक माणूस मराठी वाचकांना परका नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. मराठी ओवीत लिहिलेले त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या प्रदेशातल्या भाषांविषयी लिहिले, की त्यांची घडण लॅटिन आणि ग्रीक भाषांसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा एक व्यापारी भारतात होता. त्यालाही संस्कृत आणि इटालियन भाषांतले अंक, 'देव', 'सर्प' असे शब्द सारखे वाटले. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला.

या दोघांनी साम्य पाहिले, पण त्यातून शास्त्र उभे राहिले नाही. ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांना परिचयाची वाटेल. झाडावरून फळ पडताना सगळेच पाहतात. ते किती वेगाने पडते हे कोणी मोजू लागले की शास्त्राला सुरुवात होते. भाषांच्या बाबतीत हे व्हायला आणखी दोनशे वर्षे लागली.

१७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स याने असे मत मांडले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आज अस्तित्वात नसेल. यातला शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

साम्य नव्हे, नियम

यानंतरचे पाऊल डेन्मार्कच्या रास्मुस रास्क याने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये टाकले. आपल्या मुलांना ठाऊक असलेल्या परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हाच. या दोघांनी शब्दांचे साम्य शोधण्याऐवजी शब्दांतला फरक तपासला, आणि त्यांना असे दिसले की तो फरक ठरलेला आहे.

संस्कृतात किंवा लॅटिनमध्ये जिथे 'प' आहे तिथे इंग्रजी, जर्मन यांसारख्या भाषांत 'फ' येतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, पूर्ण आणि फुल. जिथे 'त' आहे तिथे 'थ' येतो. त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट, त्वम् आणि जुन्या इंग्रजीतले दाऊ. (दाऊ, दॅट, देअर यांचा 'टीएच' आज आपण 'द' असा म्हणतो, पण तोही त्याच घरचा.) आणि जिथे मुळात 'क' होता तिथे 'ह' येतो.

हा नियम 'ग्रिमचा नियम' म्हणून ओळखला जातो. त्याला अपवादही सापडले. उदाहरणार्थ, 'शतम्' आणि 'हंड्रेड' यांत 'त'च्या जागी 'थ' यायला हवा होता, पण 'ड' आला. कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ मध्ये या अपवादांचाही नियम दाखवून दिला, आणि तो सापडला वैदिक संस्कृतच्या स्वरांमुळे. वेदपाठात शब्दाच्या कोणत्या अक्षरावर आघात आहे हे जपलेले आहे. तो आघात जिथे पुढच्या अक्षरावर होता, तिथेच 'थ'चा 'ड' झाला होता. 'शतम्'मध्ये आघात शेवटच्या अक्षरावर आहे. म्हणजे इंग्रजी-जर्मनमधले कोडे सुटले ते आपल्याकडच्या पाठांतराच्या परंपरेमुळे.

आता प्रश्नार्थक शब्दांना हा नियम लावून पाहू. मूळ भाषेत या शब्दांच्या आरंभी नुसता 'क' नव्हता. ओठांचा चंबू करून म्हटलेला 'क्व' होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनने तो 'क्व' तसाच ठेवला: क्विस, क्वांदो. संस्कृतने त्यातला 'व' सोडला आणि 'क' ठेवला: कः, कदा. इंग्रजीच्या पूर्वजांनी ग्रिमच्या नियमाप्रमाणे 'क'चा 'ह' केला. 'क्व'चा झाला 'ह्व'. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे शब्द ह्वा, ह्वॅट, ह्वेअर असे होते. त्या काळी ते लिहीतही तसेच, आधी एच आणि मग डब्ल्यूचा उच्चार दाखवणारे अक्षर.

पुढे बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडून त्यातला 'ह'ही गेला आणि 'वॉट' उरले. म्हणजे मूळच्या जोडाक्षरातला अर्धा भाग आपण ठेवला आणि दुसरा अर्धा इंग्रजीने. म्हणूनच 'काय' आणि 'वॉट' यांत आज एकही ध्वनी सारखा नाही, तरीही ते एकाच घरचे आहेत.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता 'डब्ल्यू' आधी आणि 'एच' नंतर असे का लिहितात? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर लेखनिकांवर फ्रेंच लेखनपद्धतीचा प्रभाव पडला. सीएच, टीएच, एसएच अशा जोड्यांत 'एच' दुसरा लिहिण्याची रीत रुळत गेली, आणि त्या ओळीत बसावे म्हणून 'एच-डब्ल्यू'चेही 'डब्ल्यू-एच' झाले. उच्चारात 'ह' पहिलाच होता; उलटापालट झाली ती कागदावर.

मराठीच्या शिक्षकांना हे चटकन पटेल. 'जिह्वा' लिहिताना 'ह' आधी आणि 'व' नंतर. पण बोलताना आपण 'जिव्हा' म्हणतो आणि मुले लिहितातही तसेच. 'आह्वान' आणि 'आव्हान' यांचा घोळ तर आपल्याला नेहमीचाच. 'ह' आणि 'व' शेजारी आले की त्यांचा क्रम डळमळतो. इंग्रजांच्या लेखणीने जो क्रम बदलला तो आपल्या जिभेनेही बदललेला आहे.

राहिला 'हू'. 'ह्वा'चा उच्चार बदलत बदलत 'ह्वू'च्या जवळ गेला. 'व' आणि 'ऊ' दोन्ही ओठांचा चंबू करूनच म्हणावे लागतात, म्हणून दोन्ही एकापाठोपाठ आले की 'व' त्या 'ऊ'मध्ये विरघळतो. करून पाहा: 'ह्वू' भराभर दहा वेळा म्हणा, 'हू' होईल. 'हाऊ' या शब्दाचेही असेच झाले, पण फार आधी. जुन्या इंग्रजीतच तो 'हू' असा उच्चारला आणि लिहिला जात होता. म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये 'डब्ल्यू' पुढे लागलाच नाही. आपण मुलांना सांगतो, की 'हाऊ' हा 'डब्ल्यू-एच'च्या यादीतला पाहुणा आहे. खरे तर तो घरचाच आहे. फक्त त्याने आपली पाटी लवकर काढून ठेवली.

तेव्हा त्या मुलीला उत्तर असे: दोन्ही अक्षरे लिहायची, कारण एके काळी दोन्ही उच्चारली जात होती. 'व्हॉट'ने एक टाकले, 'हू'ने दुसरे. स्पेलिंगने दोन्ही जपून ठेवली. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधले काही लोक आजही 'ह्वॉट' असे म्हणतात.

'डब्ल्यू-एच'चे सगळेच शब्द भाऊ नव्हेत

इथे थांबलो तर अर्धवट ज्ञानाचा धोका आहे. 'डब्ल्यू-एच'ने सुरू होणारा प्रत्येक शब्द प्रश्नाच्या कुटुंबातला समजून कोणी पुढे गेला तर तो फसेल. शब्दकोशाचे ते पान उघडून पाहिले तर आणखी तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार जुन्या, पण वेगळ्या घराण्यांतला. 'व्हाइट' हा शब्द संस्कृत 'श्वेत'चा नातलग आहे. 'व्हील' हा 'चक्र'चा. 'व्हील' आणि 'चक्र' हे कानाला मुळीच जवळचे वाटत नाहीत. पण मूळ शब्द 'क्वेक्व्लो' असा काहीसा होता, असे मानले जाते. इंग्रजीत नियमाप्रमाणे पहिल्या 'क्व'चा 'ह्व' झाला, मधला भाग झिजला आणि 'ह्वील' उरले. ग्रीकमध्ये त्याचे 'कुक्लोस' झाले, आणि त्यातून पुढे 'सायकल' आली. संस्कृतात झाले 'चक्र', आणि मराठीत 'चाक'. शाळेत सायकलवर येणारा मुलगा 'सायकलच्या व्हीलचे चाक' अशी गंमत करील, तर तो एकच शब्द तीन वेळा म्हणत असेल.

दुसरा प्रकार आवाजाची नक्कल करणारा. व्हिसल, व्हिस्पर, व्हाइन, व्हिझ. शीळ, कुजबुज, कुंईकुंई, सूंकन जाणे. यांना मूळ भाषेतल्या पूर्वजाची गरज नाही. ओठांतून सुटणाऱ्या वाऱ्याचा आवाजच त्यांचा पूर्वज.

तिसरा प्रकार तोतया. 'होल' म्हणजे अखंड. हा शब्द 'हील', 'हेल्थ' यांच्या घरचा. जुन्या इंग्रजीत त्याला 'डब्ल्यू' नव्हता. तो मध्ययुगाच्या अखेरीस लेखनात शिरला आणि तिथेच राहिला. उच्चारात तो आजही नाही.

आरंभीची अक्षरे सारखी म्हणून अर्थही जवळचे, हे इंग्रजीत ज्याने पद्धतशीरपणे नोंदवले, त्याचे नाव गणिताच्या शिक्षकांना माहीत असेल. १६५५ मध्ये अनंताचे चिन्ह वापरात आणणारा जॉन वॉलिस. त्याच्या १६५३ च्या इंग्रजी व्याकरणात अशा अक्षरगटांची यादी आहे. पुढे १९३० मध्ये जे. आर. फर्थ याने हा विषय पुन्हा हाती घेतला. तो काही वर्षे लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर या सगळ्यांत 'ग्ल' आणि प्रकाश एकत्र येतात. मराठीत हे काम 'झ' करतो: झगमग, झळाळी, झळकणे, झगझगीत. पण म्हणून 'ग्ल' आणि 'झ' यांचे नाते जुळत नाही. ज्या त्या भाषेने आपल्या घरी लावून घेतलेली ती सवय आहे.

आई की बहीण?

आता जोन्सच्या त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ. 'त्रि'वरून 'थ्री', 'पितृ'वरून 'फादर' अशा जोड्या ऐकल्या, की वर्गात हमखास कोणीतरी म्हणतो, "म्हणजे इंग्रजी संस्कृतातून निघाली!" भाषणांतून, पुस्तकांतूनही हे आपण ऐकतो. ऐकायला बरे वाटते, पण पुरावा तसा नाही, आणि तो पुरावा 'चक्र' या शब्दातच आहे.

'चक्र'मध्ये एक 'च' आहे आणि एक 'क'. ग्रीक 'कुक्लोस'मध्ये दोन्ही 'क' आहेत. संस्कृत ही आई असती तर ग्रीकांनी पहिल्या 'च'चा 'क' का केला, याचे कारण सांगता येत नाही. उलट बाजूने मात्र कारण सापडते. मूळ शब्दात दोन्ही 'क'च होते. पहिल्याच्या मागोमाग 'ए' हा स्वर होता. 'ए', 'इ' या स्वरांपुढे 'क' मऊ पडून त्याचा 'च' होतो, हे अनेक भाषांत घडते. संस्कृतात तसे झाले, आणि नंतर तो 'ए' स्वतःच 'अ' होऊन गेला. 'च' मात्र खूण म्हणून मागे राहिला. १८७० च्या दशकात हे अनेक अभ्यासकांच्या लक्षात आले, आणि संस्कृत ही ग्रीक, लॅटिन यांची आई नसून थोर बहीण आहे, हे पक्के झाले. यात कमीपणा काहीच नाही. व्हर्नरचे कोडे कोणाच्या आधाराने सुटले ते आपण पाहिलेच.

आपल्याकडे हे शास्त्र पहिल्यांदा तपशिलाने मांडले ते मालवणला जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी. १८७७ मध्ये, म्हणजे व्हर्नरचा लेख प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृतातून प्राकृत आणि प्राकृतातून मराठी, हिंदी, गुजराती कशा घडल्या हा त्यांचा विषय. फ्रान्सच्या झूल ब्लॉक यांनी पुढे मराठीच्या घडणीवरच ग्रंथ लिहिला, आणि वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. या अभ्यासामुळे आपल्या 'कोण'चा प्रवासही कळतो. संस्कृतात 'कः पुनः', म्हणजे 'बरे, कोण?'. त्याचे प्राकृतात 'कोउण', मग जुन्या मराठीतले 'कवण', आणि आजचे 'कोण'.

परीक्षा कशी घ्यायची?

दोन शब्द नात्यातले आहेत की नुसते सारखे दिसतात, हे ठरवायची कसोटी एकच: फरकात नियम आहे का? फारसीतून मराठीत आलेला 'बद' (बदनाम, बदसूर) आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ तोच, उच्चारही जवळचा. पण ते नातलग नाहीत. निव्वळ योगायोग आहे. उलट 'काय' आणि 'वॉट' यांत साम्य शून्य, तरी नाते पक्के.

ही कसोटी वर्गात लावून पाहायची असेल तर बोईसर-तारापूरसारखी जागा दुसरी मिळणे कठीण. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या सगळ्या भागांतून माणसे इथे आली. इथल्या एका वर्गात मराठी, गुजराती, भोजपुरी, बंगाली, कन्नड, तमिळ बोलणारी मुले शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. प्रत्येकाला आपल्या घरच्या भाषेतले कोण, काय, केव्हा, कुठे हे शब्द फळ्यावर लिहू द्या. भोजपुरीत के, का, कब, कहाँ. तमिळमध्ये यार, एन्न, एप्पोदु, एंगे. कन्नडमध्ये यारु, एनु, यावाग, एल्लि. फळ्याचे आपोआप दोन भाग पडतील. एका बाजूला 'क'चे घर, दुसऱ्या बाजूला 'ए' आणि 'या'चे घर. तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळम यांचे कुटुंब वेगळे आहे, हे मद्रासच्या फ्रान्सिस एलिस याने १८१६ मध्ये दाखवले होते. तेच मुले दहा मिनिटांत आपल्या डोळ्यांनी पाहतील.

एक मुद्दा मात्र आवर्जून दाखवावा. कन्नडमध्ये इल्लि, अल्लि, एल्लि. म्हणजे इथे, तिथे, कुठे. मराठीतही इथे, तिथे, कुठे यांचा शेवट सारखा, आणि इंग्रजीतही हिअर, देअर, व्हेअर यांचे असेच. रचना तिन्हीकडे सारखी आहे, पण आरंभीचे ध्वनी नियमाने जुळतात ते फक्त 'देअर'–'तिथे' आणि 'व्हेअर'–'कुठे' यांच्यातच. 'हिअर' आणि 'इथे' यांची मुळेही निरनिराळी. शब्दांचे साचे सारखे असले म्हणून नाते लागत नाही.

शिरगाव, सातपाटीच्या मुलांकडे आणखी एक ठेवा आहे. वाडवळी, मांगेली, वारली अशा बोली त्यांच्या घरात बोलल्या जातात. तिथे 'कुठे' आणि 'केव्हा' कसे म्हणतात ते मुलांनी आजीला विचारून आणावे. प्रमाण मराठीपेक्षा वेगळे रूप मिळाले तर ते अशुद्ध म्हणून खोडू नये. 'शुं'सारखी त्यातही एखादी जुनी गोष्ट लपलेली असू शकते.

इंग्रजीच्या तासाला उपयोग

या सगळ्याचा इंग्रजी शिकवताना काय उपयोग, असे कोणी विचारील. दोन उपयोग आम्हाला दिसतात.

पहिला हा. मराठीत तीन ओळी आहेत. प्रश्नाची 'क'ची: केव्हा, कुठे, कोण. संबंधाची 'ज'ची: जेव्हा, जिथे, जो. उत्तराची 'त'ची: तेव्हा, तिथे, तो. संस्कृतातही तशाच: कदा, यदा, तदा. इंग्रजीत 'त'ची ओळ 'टीएच'च्या रूपाने आहे: देन, देअर, दॅट. 'ज'ची ओळ मात्र इंग्रजीत नाही. मध्ययुगीन इंग्रजीपासून ते कामही 'डब्ल्यू-एच'च करू लागला. म्हणून 'कोण आला?' आणि 'जो आला तो' या दोन्हींत इंग्रजीला 'हू' लागतो. आपली मुले 'जेव्हा'साठी वेगळा इंग्रजी शब्द शोधत अडखळतात, ती का अडखळतात हे यावरून कळते. ही जागा रिकामी आहे असे सांगितले, की गाठ सुटते.

दुसरा उपयोग विज्ञानाच्या तासाला. इंग्रजीने 'क्व'चे शब्द पुढे लॅटिनमधून उसनेही आणले. लॅटिन 'क्वांटुस' म्हणजे किती, त्यावरून क्वांटिटी. 'क्वालिस' म्हणजे कसला, त्यावरून क्वालिटी. 'क्वोत' म्हणजे आपले 'कति'. त्यावरून कोटा आणि भागाकारातला कोशंट. आणि ज्या क्वांटमच्या शास्त्रावर तारापूरच्या अणुभट्टीचे ज्ञान उभे आहे, त्या शब्दाचा सरळ अर्थ 'किती' एवढाच.

त्या बाईंना आम्ही हे सगळे नंतर लिहून कळवले. त्यांचे उत्तर आले. मुलगी आता आठवीत गेली होती. तिला वर्गाबाहेर बोलावून त्यांनी 'ह्वॉट'ची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग बाई, 'नाइट'मधल्या 'जीएच'चे काय?"

बाईंनी या वेळी 'पाठ कर' म्हटले नाही. "मला माहीत नाही, शोधू या," म्हणाल्या. आमच्या वाचकांपैकी कोणी 'नाइट'च्या शेजारी संस्कृतातले 'नक्तम्' मांडून पाहिले, तर त्यांना सुरुवात सापडेल.